कॉट बेसिसवर गालगुंडाची साथ: दोन डोस झालेत, तिसरा घ्यावा का?

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहतो. तीन खोल्या, नऊ पोरं, पाण्याचा एक माठ आणि त्यावर एकच पेला.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी एकाचा गाल सुजला. अक्कलदाढ असेल म्हणून आम्ही त्याला लवंग दिली. तिसऱ्या दिवशी दुसरा गालही फुगला. डॉक्टर म्हणाले, गालगुंड. लहानपणी गावच्या सरकारी दवाखान्यात त्याला गोवराची लस मिळाली होती, गालगुंडाची नाही. ते समजू शकतो. पण परवा दुसरा आडवा झाला, आणि त्याचे एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींची एकच लस) दोन्ही डोस झालेत! आईकडून कार्डाचा फोटो मागवून खात्री केली. माझेही दोन झालेत, शेवटचा पाचव्या वर्षी. आता बावीस चालू आहे.

मग लसीचा उपयोग काय? तिसरा डोस घेऊ का? शनिवारी सांगलीला घरी जायचंय, ताईला सातवा महिना आहे.

प्रतिसाद:
आधी तिकीट रद्द कर. संसर्ग झाल्यावर गाल सुजायला १२ ते २५ दिवस लागतात, आणि सुजण्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच तो पसरतो. ताईला आता ही लस देता येत नाही, जिवंत विषाणूची असते.

दोन डोस गालगुंडाला साधारण ८६ टक्के अडवतात, एक डोस ७२. गोवराइतकं पक्कं काम नाही, शिवाय वर्षं जातात तसा जोर ओसरतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात २०१५-१६ला अशीच साथ आली होती. तिथे तिसरा डोस घेतलेल्यांत हजारी ६.७ जण आजारी पडले, दोनवाल्यांत १४.५. दुसऱ्या डोसाला १३ वर्षं उलटलेल्यांना धोका जास्त दिसला, म्हणजे तूच. पण संसर्ग आधीच झाला असेल तर आताचा डोस तो थांबवणार नाही. पुढच्या फेरीसाठी उपयोगी. डॉक्टरांना विचारून घे. ज्यांचा एकही झालेला नाही त्यांनी दोन घ्यावेत, २८ दिवसांच्या अंतराने.

सुजलेल्याला पाच दिवस वेगळी खोली. अंडकोष दुखला तर लाजत बसू नका, दाखवा. आणि तो पेला!

धागाकर्ता:
तिकीट रद्द केलं. ताईला फोनवर सांगितलं, आई जरा नाराज आहे. उद्या डॉक्टरांकडे चौघे जातोय. पेले नऊ आणलेत, प्रत्येकावर मार्करने नाव. वेगळी खोली कोणी रिकामी करायची यावर मात्र अजून भांडण चालू आहे.