शेजारच्या प्लॉटला मोकळ्या जागेत सवलत मिळाली, आम्हाला कुणी विचारलंच नाही. मुंबईत याची सुनावणी असते का?

उत्तरेची खिडकी (विलेपार्ले पूर्व)

नमस्कार. शाळेत एकतीस वर्षं शिकवलंय, त्यामुळे प्रश्न लांबणार. सांभाळून घ्या.

आमची सोसायटी १९६८ ची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. मी दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला राहते. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे. तिच्यातून ऊन फारसं येत नाही, पण उजेड असा की तांदूळ निवडायला आजवर दिवा लावावा लागला नाही. समोर शेजारच्यांचं बैठं कौलारू घर होतं आणि अंगणात पेरू. गेल्या वर्षी दोन्ही गेलं. आता तिथं स्टिल्ट, म्हणजे खांबांवरची मोकळी पार्किंगची जागा, अधिक सहा मजले उभे राहतायत.

पायाचे कॉलम वर आले तशी मी आणि तळमजल्यावरचे भाऊ शिवणाची टेप घेऊन खाली उतरलो. कंपाउंडच्या भिंतीपासून सळ्यांपर्यंत ७ फूट ४ इंच. दोनदा मोजलं. आमच्या बाजूला आम्ही दहा फूट सोडलेत, तेही १९६८ साली. साइटवरचा मुलगा नम्रच होता. म्हणाला, "काकू, कन्सेशन घेतलंय, प्रीमियम भरलाय, सगळं कायदेशीर आहे." मी विचारलं, कन्सेशन म्हणजे सवलत ना? मग ती माझ्या उजेडातून कशी दिली? त्यावर तो हसला आणि चहा घेणार का म्हणाला.

आता मुलीचं ऐका. ती न्यू जर्सीत एडिसनला असते. तिच्या शेजाऱ्याला मागे डेक वाढवायचा होता, पण हद्दीपासून जेवढं अंतर सोडायला हवं त्यात तो घुसत होता. तर २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या निदान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागली. मग एका संध्याकाळी झोनिंग बोर्ड बसलं. शेजाऱ्याच्या आर्किटेक्टने शपथेवर सांगितलं की प्लॉटचा आकार वेडावाकडा आहे म्हणून अडचण होते. त्यानंतर लोकांना विचारलं, कुणाला बोलायचंय का? माझी मुलगी, जी इथं सोसायटीच्या मीटिंगला कधी फिरकली नाही, ती तिथं उठून बोलली. शेवटी कडेला झुडपांची रांग लावायची अट घालून परवानगी मिळाली. आता ती मला फोनवर सांगते, "आई, तुमच्याकडेही असेल. जाऊन बोल."

तर माझे प्रश्न असे. आपल्याकडे हे बोर्ड कुठं बसतं? सेटबॅकच्या, म्हणजे हद्दीपासून सोडायच्या अंतराच्या, सवलतीची सुनावणी कुणापुढे होते? मला नोटीस यायला हवी होती का, आणि मुदत गेली असेल तर आता काय?

आमचे सेक्रेटरी म्हणतात, "मॅडम, तुम्ही काही लिहू नका, सोसायटीच्या नावाने तर मुळीच नको." कारण सांगत नाहीत.

पम्या अंधेरी

काकू, घाबरायचं काय त्यात? सरळ के पूर्व वॉर्ड ऑफिसला तक्रार टाका की सेटबॅकमध्ये बांधकाम चालू आहे. महापालिका कायद्याच्या ३५४ अ ची नोटीस लागते, काम बंद. आमच्या गल्लीत एकाचं असंच बंद पाडलं होतं.

निवृत्त ट्रेसर

पम्याशेठ, तुमच्या गल्लीतलं काम विनापरवाना असणार. ३५४ अ हे विनापरवाना किंवा मंजुरीबाहेर चाललेल्या कामासाठी असतं. इथं मंजुरी घेतलेली आहे. मॅडमनी तुमचं ऐकून अर्ज दिला तर "सदर काम मंजूर नकाशाप्रमाणे सुरू आहे" असं एका ओळीचं उत्तर येईल आणि प्रकरण दप्तरी दाखल होईल. शिवाय वॉर्ड ऑफिसचा इमारत व कारखाने विभाग वेगळा आणि नकाशे मंजूर करणारा इमारत प्रस्ताव विभाग वेगळा. पश्चिम उपनगरांची फाइल त्या दुसऱ्याकडे असते.

मॅडम, मी नकाशांच्या अमोनिया प्रिंटच्या वासात नोकरी काढली, म्हणून आधी शब्द नीट करू. मुंबईत "सेटबॅक" म्हटलं की रस्तारुंदीत जाणारी पट्टी. १८८८ च्या महापालिका कायद्यातलं कलम २९७, रस्त्याची नियमित रेषा. ती जागा पालिकेला जाते आणि मालकाला बदल्यात एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो. तुमच्या मुलीकडे ज्याला सेटबॅक म्हणतात त्याला इथं बाजूची आणि मागची मोकळी जागा म्हणतात, आणि ती कमी असली की "ओपन स्पेस डेफिशियन्सी". अर्जात सेटबॅक लिहिलंत तर कागद रस्त्याच्या टेबलावर जाऊन झोपेल.

आता बोर्ड. तसं बोर्ड आपल्याकडे नाही. सवलत देतात आयुक्त. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधला नियम ६ बघा, १९९१ च्या नियमावलीत हाच ६४ (ब) होता. स्पष्ट दाखवता येईल अशी अडचण असेल तर कारणं लेखी नोंदवून आयुक्त मापं शिथिल करू शकतात. शेजाऱ्याला नोटीस द्या, त्याचं ऐका, असं त्यात कुठंही नाही. अर्ज मालकाचा, मांडणी आर्किटेक्टची, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी जमीनदराच्या, हिशेबाने काढलेला प्रीमियम (सवलतीचं शुल्क) पालिकेचा. शेजारी या व्यवहारात येतच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४७ चं अपील आहे, पण तेही ज्याला परवानगी नाकारली त्याला. शेजाऱ्याला उरतं ते हायकोर्ट.

मात्र त्याच नियमात एक अट आहे, ती वहीत लिहून ठेवा. सवलतीमुळे आरोग्य, सुरक्षितता, अग्निसुरक्षा यांना बाधा येता कामा नये, आणि हे फक्त त्या इमारतीतल्या रहिवाशांपुरतं नाही, आजूबाजूच्या परिसरालाही लागू आहे. तुमचं स्वयंपाकघर त्या परिसरात येतं. "माझा उजेड गेला" असं लिहू नका. "नियम ६ खाली परिसरावर होणारा परिणाम तपासल्याची नोंद फाइलमध्ये आहे का, असल्यास प्रत द्यावी" असं लिहा.

पार्ल्यात अडचण काय दाखवतात ते मी न बघता सांगतो. विमानतळाचा फनेल, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालचा पट्टा. उंची वाढवता येत नाही, एफएसआय तर वापरायचा आहे, मग इमारत आडवी पसरते आणि कडेची जागा खाते. सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर, सगळीकडे हीच कथा. खोटी नाही, अडचण खरीच आहे. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या) इमारती आणि झोपडपट्टी पुनर्वसनाला तर नियम ३३(७) आणि ३३(१०) मध्येच मोकळ्या जागेची सूट लिहून ठेवलीय. तुमच्या शेजारी बंगला होता, म्हणजे ते लागू नाही.

आता काय करायचं ते. प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीत, नोंदलेला असेल तर मंजूर नकाशा तिथंच मिळेल, फुकट. नसेल तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा नियम. ३० दिवसांत उत्तर. तोवर दोन स्लॅब पडतील, हेही धरून चाला. नकाशावर एक तक्ता असतो: आवश्यक मोकळी जागा, प्रस्तावित, कमतरता टक्क्यांत. उत्तर, दक्षिण असं बाजूवार. तुमच्या बाजूचा आकडा तेवढा वाचा.

मग पुन्हा मोजा. सळीपर्यंत मोजून चालत नाही, काँक्रीटचं कव्हर आणि प्लास्टर धरून भिंत दोन-तीन इंच अजून पुढे येते. आणि तुम्ही कंपाउंडच्या भिंतीपासून मोजलंत. भिंत म्हणजे हद्द नव्हे. पार्ल्यात जुन्या नगररचना योजना आहेत, त्यांत ठरलेल्या फायनल प्लॉटची हद्द आणि चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेली भिंत यांत फूटभर फरक मी कितीदा पाहिलाय. नकाशात ७ फूट असेल आणि जागेवर ६ निघाले, तर मात्र पम्याशेठचा रस्ता उघडतो.

दहिसरचा हरकतदार

ट्रेसरकाकांनी सुनावणी नसते म्हटलंय, त्यात थोडी भर. मोकळ्या जागेच्या सवलतीला नसते. पण जमिनीचा वापरच बदलायचा असेल, म्हणजे आरक्षण हलवणं किंवा झोन बदलणं, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६, कलम ३७. राजपत्रात सूचना, एक महिन्यात हरकती आणि हरकत घेणाऱ्याला सुनावणी. अख्ख्या विकास आराखड्यालाही असते. २०१५ च्या फेब्रुवारीतला मसुदा इतका चुकलेला होता की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला, ते आठवत असेल. २०१६ च्या सुधारित मसुद्यावर आम्ही बारा जण नियोजन समितीपुढे गेलो होतो.

त्यानंतर एका मैदानाच्या आरक्षणासाठी कलम ३७ च्या सुनावणीलाही मी गेलो. दीड तास बाकावर, आत चार मिनिटं. पहिला प्रश्न, "तुमचा या प्लॉटशी संबंध काय?" मी कायद्याचं पान नेलं होतं. "कोणतीही व्यक्ती" हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित केले होते. ते पुढे सरकवलं, मग माझं ऐकून घेतलं. निर्णय? मैदान ३०० मीटर लांब गेलं. पण मुलांचा रस्ता ओलांडण्याचा मुद्दा अहवालात नोंदला गेला, तो मी नंतर प्रत काढून पाहिला. काकू, तुमच्या केसमध्ये एवढंही नाही, म्हणून जे काही द्याल त्याची पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. पोच नसलेला अर्ज म्हणजे तुम्ही घरी बसून लिहिलेली डायरी.

काळा कोट, पांढरी बँड

एक रस्ता कुणी सांगितला नाही. सुविधाधिकार कायदा १८८२, कलम १५. खिडकीतून वीस वर्षं विनाअडथळा, हक्काने उजेड घेतला असेल तर तो हक्क होतो, पालिकेचं कन्सेशन काहीही असो. तुमची पन्नासच्या वर झाली. पण दोन गोष्टी. उजेड "कमी झाला" एवढ्याने भागत नाही, राहण्याच्या सोयीला किंवा घराच्या किमतीला ठोस धक्का बसला हे दाखवावं लागतं. आणि अडथळा डोळ्यांसमोर असताना वर्षभर मुकाट राहिलात तर तोच मुकाटपणा तुमच्याविरुद्ध वाचला जातो. आजच खिडकीतून फोटो काढा, दुपारी बाराचे, दिवा न लावता. पालिकेलाही प्रतिवादी करणार असाल तर महापालिका कायद्याच्या कलम ५२७ ची एक महिन्याची नोटीस आधी द्यावी लागते.

आणि सोसायटी स्वतः पुनर्विकासाला जाणार आहे का, ते विचारून घ्या. हा हक्क त्या खिडकीचा असतो. इमारत पाडल्यावर कोर्टात सांगायचं काय?

उत्तरेची खिडकी (विलेपार्ले पूर्व)

सर्वांचे आभार. वकीलसाहेब, तुमची शेवटची ओळ वाचून मी चप्पल घातली आणि सेक्रेटरींच्या दारात उभी राहिले. त्यांनी शेवटी फाइल काढली. आमच्या पुनर्विकासाचा प्राथमिक अहवाल आर्किटेक्टकडून दिवाळीतच आलाय, अजून सभेपुढे ठेवलेला नाही. त्यात फनेलची उंची आहे आणि एक तक्ता आहे. ट्रेसरकाकांनी सांगितला तोच, आवश्यक, प्रस्तावित, कमतरता. आमच्या पश्चिमेला प्रस्तावित २.१ मीटर. मी तिथंच गणित केलं, सात फुटांच्याही आत. म्हणजे शेजाऱ्याने मला ठेवलं त्याहून कमी आम्ही पलीकडच्यांना ठेवणार.

सेक्रेटरी म्हणाले, "आता कळलं का? आज आपण आक्षेप घेतला तर उद्या तोच कागद आपल्या फाइलला लावतील." माणूस वाईट नाही. त्यांच्या घरात सहा जण आहेत आणि आईला तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली आणावं लागतं. लिफ्ट त्यांना हवीच आहे. मलाही आता गुडघे सांगतात.

पश्चिमेला एक बैठी चाळ आहे. तिथल्या एक आजी आमच्या भिंतीलगत पापड वाळत घालतात. भिंत तापते म्हणून. त्यांना हे कोण सांगणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नियमात कुठं आहे सांगायचं?" खरंच नाही, काका म्हणाले तसं.

तर मी असं केलंय. माहितीच्या अधिकाराचा अर्ज स्वतःच्या नावाने लिहिला, सोसायटीचा उल्लेख नाही. १४८ शब्द झाले, निबंध तपासल्यासारखे दोनदा मोजले. सोमवारी स्वतः जाऊन देणार आणि पोच घेणार. बाराचे फोटो काढले. आमचा तो अहवाल पुढच्या सभेत सगळ्यांसमोर ठेवावा असं पत्रही दिलं, त्यावर मात्र सेक्रेटरींनी मुकाट सही केली. मुलीला फोन केला तर ती म्हणते, "मग तुम्ही कुठल्या बाजूला आहात?" तिला म्हटलं, उत्तरेला अर्जदार, पश्चिमेला बिल्डर.

एक शेवटचं. नकाशा मिळाल्यावर मोजणी आमची आम्ही केली तर धरतात का?

निवृत्त ट्रेसर

पुरावा म्हणून नाही धरत. त्याला नगर भूमापनची मोजणी लागते, पैसे भरून. पण घरची मोजणी करून ठेवा, कुठं बोट ठेवायचं ते कळतं. चार ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये दोनदा. भिंती सरळ नसतात.

आणि मॅडम, स्टीलची टेप घ्या. शिवणाची ताणते.