टॅगमध्ये प्रायॉरिटी ६ टाकली, तरी कंट्रोल फ्रेम कॅमेऱ्याच्या मागे का अडकते?

प्रश्न:
आमच्या बोर्डावर पाच पोर्टची गिगाबिट स्विच चिप आहे. एक पोर्ट सीपीयूकडे, एकावर कॅमेरा, आणि एक १०० एमबीपीएसचा अपलिंक (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणारा). सीपीयूवर लिनक्स आहे. कंट्रोल फ्रेम (इथरनेटवरचे डेटाचे तुकडे) व्हीलॅन १० मध्ये, म्हणजे त्याच तारेवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये, कॅमेरा २० मध्ये, दोन्ही अपलिंकवरूनच बाहेर जातात. सॉकेटवर प्रायॉरिटी ६ दिली आहे, चिपमध्ये स्ट्रिक्ट प्रायॉरिटी (वरच्या प्रायॉरिटीची क्यू, म्हणजे रांग, नेहमी आधी) चालू आहे. कॅमेरा बंद असला की कंट्रोल फ्रेम एक मिलिसेकंदाच्या आत पोचते. कॅमेरा सुरू झाला की वीस-वीस मिलिसेकंद लागतात. मग प्रायॉरिटीचा उपयोग काय? आणि हे डीएससीपीने (आयपी हेडरमधल्या प्रायॉरिटीने) सुटेल का? फ्रेम रॉ इथरनेटच्या आहेत, आयपी नाही.

प्रतिसाद:
आयपी हेडरच नाही, तेव्हा डीएससीपीचा विषय संपला. आधी टॅगमध्ये (फ्रेममध्ये जोडल्या जाणाऱ्या व्हीलॅनच्या चार बाइटांत) खरंच ६ जातंय का ते बघा. सॉकेटची प्रायॉरिटी आणि टॅगमधली प्रायॉरिटी या वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्सच्या व्हीलॅन इंटरफेसवर इग्रेस-क्यूओएस-मॅप (सॉकेटची कुठली प्रायॉरिटी टॅगमध्ये काय म्हणून जाईल याचा तक्ता) दिला नाही, तर सगळं ० म्हणूनच बाहेर पडतं. फ्रेम पकडा आणि दोन्ही मॅक पत्त्यांनंतरचे चार बाइट वाचा. पहिले दोन ८१०० असतील. पुढच्या सोळा बिटांत वरचे तीन प्रायॉरिटीचे, एक ड्रॉपसाठीचा, उरलेले बारा व्हीलॅन क्रमांकाचे. व्हीलॅन १० आणि प्रायॉरिटी ६ म्हणजे हेक्समध्ये सी००ए. तिथे ०००ए दिसलं, तर चिपला दोष देऊ नका, तिला कुणी काही सांगितलेलंच नाही.

प्रश्नकर्ता:
०००ए च होतं! मॅप ६:६ केला, आता सी००ए दिसतंय. बराच फरक पडला, सरासरी खाली आली. पण मधूनच वीस मिलिसेकंदांची उडी अजून येते.

प्रतिसाद:
ही उडी क्यूच्या क्रमाने येऊच शकत नाही, हिशोब करून बघा. स्ट्रिक्ट प्रायॉरिटीत तुमच्या फ्रेमला फार तर एका फ्रेमची वाट बघावी लागते, जी आधीच तारेवर निघालेली आहे. टॅगसकट १५२२ बाइट, प्रिअँबल आणि गॅपचे २० धरून १५४२. १०० एमबीपीएसवर याला सुमारे १२३ मायक्रोसेकंद लागतात. वीस मिलिसेकंद म्हणजे त्याच्या दीडशेपटीहून जास्त. फ्रेम चिपमध्ये शिरण्याआधीच कुठेतरी थांबते आहे.

माझा संशय फ्लो कंट्रोलवर आहे. बफर भरत आला की चिप पॉज फ्रेम (थोडा वेळ पाठवू नका असं सांगणारी) पाठवते, आणि अनेक छोट्या चिपांमध्ये ती सीपीयूच्या पोर्टालाही जाते, कारण तोही त्याच तुंबलेल्या अपलिंककडे पाठवत असतो. साध्या पॉजला प्रायॉरिटी कळत नाही, ती अख्खा पोर्ट गप्प करते. एका पॉजमध्ये ६५,५३५ क्वांटापर्यंत वेळ मागता येतो, एक क्वांटा ५१२ बिटांचा. गिगाबिटवर हे ३३ मिलिसेकंदांच्या वर जातं. तुमची ६ नंबरची फ्रेम सीपीयूच्या रिंगमध्ये (पाठवायच्या फ्रेमच्या रांगेत) बसून राहते आणि चिपमधली रिकामी क्यू तिची वाट बघते. ज्यांना वेळेची हमी हवी, त्यांनी फ्लो कंट्रोल चालू ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. डीफॉल्ट म्हणून ते चालू सापडतं आणि कुणी तपासत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. ईथटूलने (लिनक्सची नेटवर्क पोर्ट तपासायची कमांड) सीपीयूच्या इथरनेट कंट्रोलरचा आलेल्या पॉजचा काउंटर बघा.

दुसरा प्रतिसाद:
जाता जाता एक: कॅमेऱ्याला ‘१’ देऊन वर उचलायचा विचार असेल तर नको. मानकाप्रमाणे १ ही ० च्याही खालची आहे, बॅकग्राउंडसाठीची. आणि अपलिंकवर व्हीलॅन १० टॅग्डच बाहेर काढा. अनटॅग्ड केलंत तर प्रायॉरिटीचे बिटही टॅगबरोबर जातात, पुढच्या स्विचला काही दिसत नाही.

प्रश्नकर्ता:
पॉजचा काउंटर कॅमेरा सुरू होताच वाढत होता. सगळ्या पोर्टांवर बंद केलं, उड्या गेल्या. पण आता अपलिंकवर कॅमेऱ्याच्या फ्रेम ड्रॉप होतात. सरासरी तर ३० एमबीपीएसच आहे.

प्रतिसाद:
सरासरीवर जाऊ नका. की-फ्रेम (व्हिडिओतलं अख्खं चित्र, अनेक इथरनेट फ्रेममध्ये जाणारं) एकदम येते. ३०० केबीची धरली तर गिगाबिट पोर्टावरून २.४ मिलिसेकंदांत आत शिरते, पण १०० एमबीपीएसवर बाहेर पडायला २४ लागतात. तोवर ती बफरमध्येच राहते, आणि या चिपांचा सगळ्या पोर्टांत वाटलेला बफर बहुधा तेवढा मोठा नसतो. कॅमेऱ्याचा पोर्ट १०० वर बांधून बघा. मग येण्याचा आणि जाण्याचा वेग सारखा राहील, तुंबेल ते फक्त कंट्रोल फ्रेमच्या जागेपुरतं. त्यानंतरही ड्रॉपचा काउंटर हलला तर कॅमेऱ्याच्या एन्कोडरमध्ये की-फ्रेमचा आकार कमी करा.