ढोलीचा बेहडा पडला, ककणेरांसाठी पेटी लावू का?

लांजेकर:
आमच्या राईतला जुना बेहडा पावसाळ्याच्या तोंडाला वादळात मुळासकट आडवा झाला. त्याच्या ढोलीत दर उन्हाळ्यात ककणेराची (कवड्या धनेश) जोडी असायची. मादी स्वतःला आत कोंडून घ्यायची आणि नर फटीतून उंबरं, काजऱ्याची फळं भरवायचा. राई खाजगी आहे, आम्हा चार भावांची. लाकूडवाला पडलेलं खोड मागतोय, वर उभा वठलेला सातवीणही द्या म्हणतोय. लाकडी पेटी लावली तर धनेश घेतात का?

संगमेश्वरी:
सातवीण देऊ नका! वठलेल्या लाकडात तांबट आणि सुतार पक्षी भोकं पाडतात, मग त्यांत पिंगळे, साळुंक्या राहतात. धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही, तयारच लागते. जुनी झाडं गेली की त्याची वीणच थांबते.

तळकोकणी:
घेतात. थायलंडच्या बुडो डोंगरात महाधनेशांनी माणसाने केलेल्या पेट्यांत पिल्लं वाढवली आहेत. पण खोका टांगला आणि झालं, असं नाही.

पेटी फणसाच्या फळ्यांची करा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे, साधा प्लायवूड फुगून सुटतो. आतून रंग, डांबर काही नको. तोंड उभं, लांबट आणि मादी जेमतेम शिरेल एवढंच. विष्ठा आणि फळांचा गर लिंपून तिला ते बुजवायचं असतं, फार रुंद असेल तर जमत नाही. तळ तोंडाच्या थोडाच खाली ठेवा, नाहीतर आत बसलेल्या मादीची चोच फटीपर्यंत पोचणार नाही. तोंडाच्या वर मात्र भरपूर उंची हवी, धोका वाटला की ती वर सरकते. तळाला पाणी निथळायला बारीक भोकं पाडा आणि पडलेल्या बेहड्याच्या ढोलीतला भुसा काढून आत पसरा.

खिळे ठोकू नका, तारही नको. झाड जाडावलं की तार सालीत रुतते. जाड दोर वापरा आणि दरवर्षी सैल करा. पौषाआधी पेटी वर गेली पाहिजे, माघात जोडी जागा शोधायला लागते. एकदा मादी आत बसली की झाडाखाली फोटोवाल्यांना आणू नका. धनेश वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे.

आणि संगमेश्वरी म्हणतात तेच खरं. पेटी म्हणजे मोडलेल्या हाताला बांधलेली कामटी. नवा बेहडा ढोलीजोगा व्हायला पिढ्या जातात, म्हणून भावांना बसवून राईतली जाड झाडं तोडायची नाहीत असं आत्ताच ठरवून घ्या.

लांजेकर:
धाकटा तयार आहे, थोरल्याशी गणपतीत बोलतो. पेटीत सातेरी मधमाशी घुसली तर?

तळकोकणी:
बसू द्या, काजूच्या मोहराला तिचा उपयोगच आहे. धनेशासाठी दुसरी पेटी लांबच्या उंच आंब्यावर लावा, उंबराच्या बाजूला. वर चढवायला माडावर चढणारे दोघं आणि चेनपुली पुरे. पडलेलं खोडही विकू नका, तिथेच कुजू दे. त्याखाली सरडे, बेडूक, विंचू राहतील.