आर्टिकलशिपच्या धबडग्यात बघितलेल्या लव्हस्टोऱ्या: आपल्या पिक्चरमधली माणसं कामाला कधी जातात?

पुण्याची_आर्टिकल:

नमस्कार मंडळी. मी सीए आर्टिकल आहे, म्हणजे सीए व्हायच्या आधीची शिकाऊ, पुण्यात एका छोट्या फर्ममध्ये. टॅक्स ऑडिटचा सीझन, ३० सप्टेंबर जवळ आली की घरी फक्त झोपायला जायचं आणि वरून फायनलचा अभ्यास, तरी क्लायंटकडे जाताना बसमध्ये आणि रात्री जेवताना मी काही ना काही बघतेच, कारण दिवसभर वाऊचर तपासल्यावर डोक्याला दुसरं काहीतरी लागतंच.

सैयारा हा हिंदी पिक्चर थेटरात बघितला, मैत्रिणींबरोबर. रडले, गाणी अजून ऐकते, अहान पांडे आणि अनीत पड्डा दोघंही आवडले. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. हिरॉईन वाणी पत्रकार आहे, तिला नोकरी लागते, आणि मग ती नोकरी हिरो क्रिशची भेट घडवण्यापुरतीच राहते, आणि पुढे गोष्ट चढवायला एवढ्याशा पोरीला अल्झायमर द्यावा लागतो. प्रेम किती खरं आहे हे दाखवायला आजारपणच का लागतं आपल्याला?

आणि त्याच वर्षी, मार्च २०२५ मध्ये, नेटफ्लिक्सवर व्हेन लाइफ गिव्ज यू टँजेरिन्स हा कोरियन ड्रामा (म्हणजे मालिका) आला. आयू आणि पार्क बो-गम, जेजू बेटावरची ए-सुन आणि ग्वान-शिक यांची अख्ख्या आयुष्याची गोष्ट. त्यात एक सीन आहे, सासरी जेवायची वेळ, मोठी मंडळी मोठ्या टेबलावर आणि ए-सुन बाजूच्या छोट्या टेबलावर. ग्वान-शिक भांडत नाही, भाषण देत नाही, नुसता बसल्या जागी मागे वळतो, घरच्यांकडे पाठ करून बायकोच्या टेबलावर जेवायला लागतो आणि तिच्या भातातले तिला न आवडणारे दाणे वेचून घेतो. बस. आमच्याकडे गावी गणपतीत अजून आधी पुरुषांची पंगत बसते आणि आई, काकू सगळ्यात शेवटी, भाजी संपत आली की जेवतात, आणि कोणालाच त्यात काही वाटत नाही, त्यामुळे तो सीन बघून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. तो माणूस दिवसभर बोटीवर राबून आलेला असतो, पैसे नसतात, तरी त्याचं लक्ष तिच्या ताटात असतं. मला हे प्रेम जास्त खरं वाटतं.

तर विचारायचंय हे की अलीकडच्या अशा लव्हस्टोऱ्या सांगा, पिक्चर किंवा ड्रामा काहीही, ज्यात माणसं काम करतात, दमतात, पैशाची चिंता करतात आणि तरी प्रेमात पडतात. १६ एपिसोड, प्रत्येक तासाभराचा, हे सध्या जमणं अवघड आहे, छोटं असेल तर बरं.

जेआर_वन:

रेसिडेंट प्लेबुक हा कोरियन ड्रामा बघ, डोळे झाकून. बाराच एपिसोड आहेत. मी स्वतः गायनॅकला पहिल्या वर्षाला आहे म्हणून मला जास्तच जवळचा वाटला असेल, पण हा ड्रामा आमच्यासारख्यांचाच आहे, गायनॅकच्या चार फर्स्ट इयर रेसिडेंट्सची (शिकाऊ डॉक्टरांची) गोष्ट, हॉस्पिटल प्लेलिस्ट या आधीच्या डॉक्टरांवरच्या ड्रामाच्याच जगातली. खरं तर हा २०२४ मध्येच येणार होता, पण तेव्हा कोरियात मेडिकलच्या जागा वाढवण्यावरून हजारो रेसिडेंट डॉक्टरांनी राजीनामे दिले, लोक डॉक्टरांवर चिडलेले, त्यामुळे पुढे ढकलला आणि शेवटी एप्रिल २०२५ मध्ये दाखवला.

हिरॉईन ई-यंगच्या डोक्यावर कर्ज आहे म्हणून ती रेसिडेन्सीला परत येते, सेवाभाव वगैरे काही नाही, आणि हे मला फार आवडलं. सीनियर दो-वन तिच्या ताईचा दीर, दोघं एकाच घरात राहतात. हम आपके हैं कौनमध्ये हेच नातं होतं बघ, पण तिथे प्रेम लग्नघरात जमतं आणि इथे लेबर रूममध्ये, नाइट ड्युटीच्या मधल्या वेळात. तो सगळ्यांना सांभाळून घेणारा सीनियर आहे आणि ती त्याच्यावर भाळते ती यामुळेच. बाहेरच्या माणसाला हे साधं वाटेल, पण सलग ड्युटी करून पाय सुजलेले असताना कोणी नुसतं "जेवलीस का, जा, मी बघतो पेशंट" म्हटलं तर त्याचं काय होतं मनात ते आम्हालाच माहीत. मला असा सीनियर एकदा मिळालाय, प्रेम वगैरे नाही, पण ते वाक्य मी विसरणार नाही.

थेटरवेडा_कोल्हापूर:

आपल्याकडे असं बनतच नाही हे मला पटत नाही. सैराट परत बघा. सगळ्यांना झिंगाट आठवतं, पण इंटरव्हलनंतरचं हैदराबाद आठवा. झोपडपट्टीतली खोली, आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला, परश्या डोसे घालतोय, मधे संशय, मारहाण, ती निघून जाते, परत येते, हळूहळू संसार उभा राहतो. नागराज मंजुळेंनी २०१६ लाच हे करून ठेवलंय. मोठ्या घरची पोरगी, जिला पाण्याचा ग्लास उचलायची सवय नाही, ती कामाला जायला लागते, हीच त्यातली सगळ्यात मोठी लव्हस्टोरी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

अलीकडचं हवं असेल तर साबर बोंडं. रोहन कानवडेंचा, २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं, मराठी पिक्चरला. वडील गेलेत म्हणून आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवस सुतकात तिथेच राहायचं, आणि घरात सगळे लग्न कधी करतोस म्हणून मागे लागलेले. त्यात लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, शेतकरी, त्याच्यामागेही लग्नाचा तगादा. दोन पुरुषांचं प्रेम आहे आणि इतकं सावकाश, इतकं आदबीने दाखवलंय की आवाज चढवायची गरजच पडलेली नाही. आनंदच्या आईचं काम करणाऱ्या जयश्री जगताप तर बघाच.

सैयाराबद्दल. आल्या आल्या सगळे म्हणत होते की २००४ च्या कोरियन अ मोमेंट टू रिमेंबरवरून उचललाय. उचलला की नाही त्या वादात मला पडायचं नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून बघा. तिकडे हिरो बांधकामावर काम करणारा सुतार, आर्किटेक्ट व्हायच्या खटपटीत, बायको त्याच्या मागे उभी. आजारपण यायच्या आधी आपण त्या दोघांचा संसार बघितलेला असतो, म्हणून नंतर तिला आठवावं म्हणून घरभर लावलेल्या चिठ्ठ्या दिसतात तेव्हा पोटात तुटतं. त्यालाही दोन-अडीच तासच मिळालेत, त्यामुळे पिक्चरला वेळ कमी असतो ही सबब चालणार नाही. आजारपण आणा ना खुशाल, पण ते ज्याच्यावर येतंय तो माणूस आधी नीट दाखवा.

सोल_ची_फॅन:

लव्हली रनर कोणीच कसं सांगितलं नाही 😭 २०२४ चा कोरियन ड्रामा, हिरो ब्यॉन वू-सॉक, हिरॉईन त्याला वाचवायला २००८ मध्ये मागे जाते. पैशाची चिंता वगैरे त्यात फार नाही पण दमलेल्या माणसाला हसू येणं पण महत्त्वाचं आहे ना.

साताऱ्याची_काकू:

बाळ, टँजेरिन्समध्ये तुला ग्वान-शिक दिसला, मला मात्र ए-सुनची आई दिसली. ती हेन्यो, म्हणजे जेजूच्या समुद्रात नुसत्या श्वासावर बुडी मारून शिंपले, अबलोन काढणाऱ्या बायका असतात ना, त्यातली. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेला मान दिला, पण ही आई म्हणते माझ्या पोरीने हे करायचं नाही. शाळेत पोरीला मतं जास्त मिळतात तरी मॉनिटर श्रीमंताचा मुलगा होतो, आणि आईला ते काय लागतं! आमच्या पिढीतल्या किती बायकांनी आपली पोर शेतात नको जायला म्हणून स्वतः उन्हात काढलंय. आणि ते घरमालक म्हातारा-म्हातारी, ए-सुन आणि ग्वान-शिकच्या घरातला तांदूळ संपला की गुपचूप येऊन भांडं भरून जातात, उपकार केल्याचं कळूही देत नाहीत. पोरी, नवरा-बायकोचं प्रेम टिकायला शेजारपाजार असा लागतो, हे आजकालच्या पिक्चरवाल्यांना कोणीतरी सांगा. तुमच्या लव्हस्टोऱ्यांत दोघंच असतात, मागे कोणी दिसतच नाही.

क्वीन ऑफ टियर्स हा कोरियन ड्रामा पण बघ सवडीने. पहिल्याच भागात सासऱ्यांच्या घराण्याचं श्राद्ध आहे आणि सगळा स्वयंपाक जावई करतायत, चांगले शिकलेले, सुटाबुटातले जावई! मी सुनेला हाक मारून बोलावलं आणि दोघींनी तो सीन परत लावून बघितला. आणि तीन वर्षं संसार करून घटस्फोटावर आलेलं जोडपं परत प्रेमात पडतं, म्हणजे लग्नानंतरचं. लग्नाआधीचं सगळेच दाखवतात.

एक सांगते, रागावू नको, टँजेरिन्ससारखं बसमध्ये तुकड्यातुकड्याने नको बघू. तो चार आठवडे चार-चार भाग करून आला होता, तसाच रविवारी निवांत बस.

पुण्याची_आर्टिकल:

काकू, रागवायचं काय त्यात, तांदळाच्या भांड्याचा सीन तुम्ही आठवून दिलात आणि आता परत बघावासा वाटतोय. शेजारपाजाराचं तुमचं म्हणणं मला एकदम पटलं.

जेआर वन, आज रात्रीच पहिला एपिसोड लावते. कर्जासाठी नोकरीवर परत येणारी हिरॉईन, हे ऐकूनच माझा निर्णय झाला.

थेटरवेडा, सैराटचं मान्य, आर्चीच्या कामाचा विचार मी या बाजूने केलाच नव्हता. तुम्ही मटेरियलिस्ट्स बघितलात का, सेलीन साँगचा, २०२५ चा? हिरॉईन न्यूयॉर्कमध्ये लग्नं जुळवते आणि लोक तिच्यासमोर उंची, पगार, वय असं सगळं मांडतात. दिग्दर्शिकेने स्वतः काही काळ ते काम केलंय म्हणे, ते जाणवतं, कारण ऑफिसमधले सीन सगळ्यात जिवंत आहेत. आमच्याकडे ताईसाठी स्थळं बघतायत आणि बायोडेटात पॅकेजची ओळ कुठे टाकायची यावर घरात चर्चा चालू आहे, त्यामुळे मला तो अजिबात परदेशी वाटला नाही. शेवट मात्र घाईत उरकलाय, गरीब मुलगा निवडल्यावर भाडं कोण भरणार हे सांगायला हवं होतं.

साबर बोंडं सध्या कुठे बघायला मिळेल कोणाला माहीत असेल तर टाका, पुण्यात शो लागणार असेल तर शनिवारी संध्याकाळचा चालेल.