आईच्या गुडघ्यांसाठी ताई ची की बादुआनजिन?

मुक्काम_शांघाय:
नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला असतो. आई ३ महिन्यांसाठी आली आहे. वय ६८, दोन्ही गुडघे झिजलेले, बीपीची गोळी रोजची. समोरच्या बागेत सकाळी म्हातारी माणसं संथ व्यायाम करतात, ते बघून तिलाही जावंसं वाटतंय. काही जण ताई ची करतात, काही बादुआनजिन. कुठून सुरुवात करावी? शेजारच्या आजींचं म्हणणं, गुडघ्यांत थंडी आणि ओल शिरली आहे. त्या काढ्याच्या पुड्या आणून देणार आहेत. घ्याव्यात का?

पायवाट:
बादुआनजिनच, बिनधास्त. नावाचा अर्थ किनखापाचे ८ तुकडे. हालचालीही आठच, साधारण पाव तासात सगळं होतं. ताई चीचा १९५६ साली सोपा करून बसवलेला प्रकारसुद्धा २४ हालचालींचा आहे. क्रम पाठ होईपर्यंत काकूंची परतीची वेळ येईल.

पहिली हालचाल त्यांना घरीच दाखवा: बोटं गुंफायची, तळवे आभाळाकडे वळवून हात सावकाश वर न्यायचे, श्वास आत, मग हात सोडून खाली. पाचव्या हालचालीत सगळे घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवतात. काकूंनी तिथे जेमतेम वाकायचं. शेवटी टाचा उचलून ७ वेळा खाली सोडतात, त्या अलगद टेकवायच्या.

सावकाश_चाल:
ताई ची अगदीच बाद करू नका. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९मध्ये गुडघ्यांच्या झिजेसाठी त्याची ठाम शिफारस केली आहे. फक्त भार असलेल्या पायाचं पाऊल वळवायचं नाही. आधी भार दुसऱ्या पायावर, मग वळायचं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, महिनाभर गुडघा धरून बसले होते.

पायवाट:
हे बरोबर आहे. पुढच्या खेपेला ताई ची.

काढ्याबद्दल मात्र कळकळीने सांगते, नको. चिनी काढ्यांत गानत्साव फार वेळा असतं. ते म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचंच भावंड. रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. बीपीच्या गोळीवर पाणीच पडेल. पुडीत काय आहे ते कळल्याशिवाय आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक घोटही नाही. थंडी-ओल ही त्यांच्या वैद्यकातली जुनी मांडणी आहे. त्यापायी गुडघे झाकून ठेवणं, शेकणं, गरम पाणी पिणं एवढं खुशाल करा. बरं वाटतं.

मुक्काम_शांघाय:
आभार! आज आई गेली होती. मागच्या रांगेत उभी राहिली. हात वर नेताना तिचे खांदे कानाला लागत होते, तर शेजारच्या बाईंनी येऊन दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले आणि हळूच खाली दाबले. भाषेची गरजच पडली नाही. आजींना सांगितलं, डॉक्टरांची गोळी चालू आहे, काढा नको. त्यांनी मान डोलावली आणि थर्मासमधलं गरम पाणी आईच्या पेल्यात ओतलं. उद्या साडेसहाला बोलावलंय.