डायलिसिसनंतर अ‍ॅमायलेज कुठे जातं?

ताई, अमोनियम सल्फेटने खाली बसवलेलं अ‍ॅमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) डायलिसिसनंतर, म्हणजे पडद्याच्या नळीतून मीठ काढून टाकल्यावर, निम्मंही उरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. एन्झाइम वाया गेलं असं लगेच धरू नका. अल्फा-अ‍ॅमायलेज या प्रकाराच्या रेणूची घडी कॅल्शियमने धरून ठेवलेली असते. डायलिसिसची नळी ईडीटीएत (धातूंचे आयन पकडणाऱ्या रसायनात) उकळून नीट धुतली नसेल, तर उरलेलं ईडीटीए ते कॅल्शियम ओढून नेतं. फॉस्फेट बफरही कॅल्शियमचा साका करतो. अ‍ॅसिटेट घ्या, त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड घाला आणि ६० अंशांवर पुन्हा मोजा.

आमची थर्मोमायसेस लॅन्युजिनोसस ही उष्णता आवडणारी, अ‍ॅमायलेज देणारी बुरशी परभणीकडच्या एका शेण-कडब्याच्या उकिरड्यातून मिळाली. पहाटे वाफा निघत होत्या, कोपरापर्यंत हात घातला तर चटका बसला. ५० अंशांवर प्लेटा वाळतात, इन्क्युबेटरमध्ये पाण्याचं भांडं ठेवाच.

आणि नुसत्या डीएनएसएवर (सुटी झालेली साखर मोजणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका. स्टार्चला आयोडीनने येणारा निळा रंग झपाट्याने गेला पण साखर हळू वाढली, तर साखळी मधूनच तोडणारं अल्फा; साखर भराभर वाढली नि निळा रंग रेंगाळला, तर टोकाकडून ग्लुकोज सुटं करणारं ग्लुकोअ‍ॅमायलेज. या बुरशीच्या द्रवात दोन्ही सापडतात, त्यामुळे शुद्धीकरणाच्या कॉलमवर चढवण्याआधी हे बघाच.