मदत हवी आहे: आइस हॉकीतल्या स्टॅन्ली कपच्या पूलमध्ये शेवटची निवड बचावपटूची करावी का?

उत्तरायण: ऑफिसातल्या पूलसाठी (निवडलेल्या खेळाडूंच्या खऱ्या सामन्यांतील कामगिरीवर गुण देणारी पैज) माझी यादी आज रात्रीपर्यंत द्यायची आहे. एकच जागा उरली असून ती आक्रमणात पुढे येणाऱ्या बचावपटूला द्यावी की दुसऱ्या फळीतल्या आघाडीपटूला, हे ठरत नाही. कृपया लवकर सांगावे. ऑफसाइडचा नियम समजावू नये.

चष्मेबहाद्दर: गोल आणि असिस्ट (गोलाकडे नेणारा पास) यांना गुण सारखेच आहेत का? बचावपटूची कमाई मुख्यतः असिस्टची असते. २०२४ च्या प्लेऑफमध्ये (कपसाठीच्या बाद फेऱ्यांत) एडमंटनचा बचावपटू बुशार्ड याने २५ सामन्यांत ३२ गुण (गोल अधिक असिस्ट) मिळवले, त्यांत गोल केवळ ६ होते.

जुना_टोरांटोकर: डोळे झाकून बचावपटू घ्यावा. प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्धी गोलसमोर इतकी गर्दी करतात, की आघाडीपटूंना फटक्याला जागाच उरत नाही. अशा वेळी ब्लू लाइनवरून (प्रतिस्पर्ध्याच्या भागाच्या सीमारेषेवरून) पक, म्हणजे रबरी चकती, फिरवणारा, पॉवर प्लेसह (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) रोज सुमारे २५ मिनिटे बर्फावर असणारा माणूसच सामना मोकळा करतो. एडमंटनचा बचावपटू पॉल कॉफी याने १९८५ मध्ये १८ सामन्यांत १२ गोलांसह ३७ गुण मिळवले, तर बचावपटू मकारने २०२२ मध्ये २० सामन्यांत २९ गुण मिळवून कॉन स्माइथ ट्रॉफी (प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) नेली.

भिंत: कॉफीच्या पुढे आघाडीपटू ग्रेट्स्की खेळत होता आणि त्याच प्लेऑफमध्ये ग्रेट्स्कीचे ४७ गुण झाले होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. बचावपटू स्कॉट स्टीव्हन्सला २००० मध्ये तीच ट्रॉफी अवघ्या ११ गुणांवर मिळाली, आणि २०१७ मध्ये पिट्सबर्गने आपला मुख्य बचावपटू लेटँग याच्याशिवाय कप जिंकला. बचावपटूने आधी बचाव करावा.

जुना_टोरांटोकर: स्टीव्हन्सच्या धडकांना पूलमध्ये कोण गुण देतो? प्रश्न कप जिंकण्याचा नाही, यादीचा आहे.

मैदानी: आपल्या मैदानी हॉकीतही तेच आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, म्हणजे १० गोल करणारा हरमनप्रीत बचावपटूच आहे. ड्रॅगफ्लिक शिकायला घोटा आणि कंबर…

उत्तरायण: धागा आइस हॉकीचा आहे. आमच्याकडे गोल आणि असिस्टला प्रत्येकी एक गुण आहे. बचावपटूच्या गोलाला मात्र दोन.

चष्मेबहाद्दर: हे पहिल्याच प्रतिसादात विचारले होते! मग बचावपटूच घ्यावा, परंतु पॉवर प्लेच्या पहिल्या तुकडीत असलेला, आणि ज्याचा संघ पुढे जाईल असा. ओटावाचा बचावपटू कार्लसन याने २०१७ मध्ये टाचेचे हाड तडकलेले असताना १९ सामन्यांत १८ गुण मिळवले. ओटावा तिसऱ्या फेरीत हरल्यावर त्याचा हिशोब तिथेच थांबला. बचावपटू लीचने १९९४ मध्ये ३४ गुण केले, कारण त्याचा संघ रेंजर्स अखेरपर्यंत टिकला आणि त्याला २३ सामने मिळाले.

भिंत: म्हणजे शेवटी संघच पाहायचा, हेच मी सांगत होतो.

जुना_टोरांटोकर: आपण ते कुठेही सांगितलेले नाही. उत्तरायण, कोणत्या दोन खेळाडूंमध्ये आपले अडले आहे, ते तरी लिहा.